जॉर्ज वेस्टिंगहाउस : प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी बांधणारा माणूस

पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव. पश्चिम रेल्वेच्या या पट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्यांच्या कानाला एक आवाज सवयीचा झालेला असतो. गाडी सुटण्याआधी डब्यांच्या पोटाखालून फुस्सकन हवा सुटते आणि मगच चाकं हलतात. शेजारच्या रुळावर मालगाडी उभी असेल तर दोन वाघिणींच्या मध्ये लोंबणारे जाड रबरी पाइप दिसतात. वाघिणीच्या खाली आडवी बसवलेली एक लोखंडी टाकीही दिसते.

या टाकीत पाणी नसतं, तेलही नसतं. तिच्यात दाबून भरलेली हवा असते. हजारो टनांची मालगाडी थांबते ती याच हवेच्या जोरावर.

दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारं आपल्याला नवीन नाहीत. मनोरजवळ हायवेवर टायरचं दुकान असेल तर तिथे कॉम्प्रेसरची टाकी असते आणि चाकाचे नट काढणारी हवेची गन असते. कारखान्यात हवेवर चालणारी ड्रिल, ग्राइंडर आणि व्हॉल्व्ह असतात. अशा प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न येतोच. हवा लांबून नळीने आणायची, की हत्याराच्या अगदी शेजारी टाकीत साठवून ठेवायची?

लांब नळीतून हवा पोहोचायला वेळ लागतो आणि वाटेत दाब कमी होतो. टाकी शेजारी असेल तर जोर क्षणात मिळतो, पण टाकी संपली की काम थांबतं. टायरच्या दुकानात या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर फार तर नट निघायला उशीर होईल. रेल्वेत ते चुकलं तर माणसं मरतात. रेल्वेसाठी या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाउस. हे उत्तर त्यांना पंचविसाव्या वर्षी सापडलं, पण त्याआधी ते एकदा चुकलंही होतं.

अवजारांच्या कारखान्यातला मुलगा

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल ब्रिज या छोट्या गावी झाला. वडील शेतीची यंत्रं बनवायचे. १८५६ मध्ये कुटुंब स्केनेक्टडी या शहरात आलं आणि वडिलांनी तिथे कारखाना थाटला. शाळेपेक्षा जॉर्जचा जीव या कारखान्यात जास्त रमायचा.

त्याच्या लहानपणीच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. जॉर्ज आधी सैन्यात गेला आणि नंतर नौदलात जहाजाच्या इंजिनांवर काम करणारा कनिष्ठ अभियंता झाला. त्याचा मोठा भाऊ अल्बर्ट या युद्धात मारला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर जॉर्ज घरी परतला. त्याने युनियन कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच सत्रात कॉलेज सोडून तो पुन्हा वडिलांच्या कारखान्यात आला. त्याच वर्षी वयाच्या १९ व्या वर्षी त्याला गोल फिरणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट मिळालं. ते इंजिन बाजारात काही चाललं नाही.

त्यानंतर त्याचं लक्ष रेल्वेकडे गेलं. त्या काळी रुळावरून घसरलेले डबे परत रुळावर चढवणं हे मोठं कष्टाचं काम होतं. जॉर्जने त्यासाठी एक साधन तयार केलं आणि ते विकण्यासाठी तो रेल्वे कंपन्यांच्या दारोदार फिरू लागला. याच फिरतीत एका गाडीत त्याची मार्गरेट वॉकर हिच्याशी ओळख झाली आणि ऑगस्ट १८६७ मध्ये त्यांचं लग्न झालं.

समोर दिसत होतं, तरी थांबता येत नव्हतं

१८६६ मध्ये स्केनेक्टडी ते ट्रॉय या मार्गावर वेस्टिंगहाउस यांची गाडी अडकून पडली. पुढे दोन मालगाड्यांची टक्कर झाली होती. दिवस स्वच्छ होता आणि रूळ सरळ होते. दोन्ही चालकांना समोरची गाडी वेळेवर दिसली होती. तरीही त्यांना गाड्या थांबवता आल्या नाहीत.

आज हे विचित्र वाटतं, पण तेव्हा ब्रेक लावायची पद्धतच तशी होती. चालक शिट्टी वाजवून इशारा द्यायचा. मग ब्रेकमन नावाचे कामगार प्रत्येक डब्यावरचं लोखंडी चाक हाताने फिरवून ब्रेक आवळायचे. मालगाडीत हे चाक वाघिणीच्या टपावर असायचं. एका वाघिणीचा ब्रेक आवळला की ब्रेकमन धावत्या गाडीच्या टपावरून उडी मारून पुढच्या वाघिणीवर जायचा. पाऊस असो, बर्फ असो वा रात्र असो, त्यात फरक पडत नसे. पाय घसरला की खाली रूळ. अमेरिकेत या कामात दर वर्षी कितीतरी माणसं मरत होती आणि त्याहून जास्त कायमची अपंग होत होती.

सगळ्या डब्यांचे ब्रेक चालकाने एकाच वेळी, एका जागेवरून लावले पाहिजेत, हे वेस्टिंगहाउस यांच्या मनाने घेतलं. आधी त्यांनी गाडीभर एक साखळी टाकून ती ओढायचा विचार केला. पण गाडी लांबली की साखळी निरुपयोगी ठरायची. मग इंजिनातली वाफ डब्यांपर्यंत न्यायचा विचार झाला. पण वाफ लांब पाइपातून जाताना थंड होऊन तिचं पाणी होतं आणि तिथल्या हिवाळ्यात त्या पाण्याचा बर्फ झाला असता.

डोंगरातल्या ड्रिलने सुचवलेली वाट

उत्तर मिळालं ते एका मासिकात. वर्गणी गोळा करायला आलेल्या एका तरुणीकडून वेस्टिंगहाउस यांनी ते मासिक घेतलं होतं. त्यात फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पर्वतात खोदल्या जात असलेल्या बोगद्याची माहिती होती.

१२ किलोमीटरहून लांब असलेल्या या बोगद्याचं काम १८५७ मध्ये सुरू झालं होतं. सुरुंगासाठी कठीण खडकात भोकं पाडायची होती. वाफेचं इंजिन आत नेलं असतं तर धुराने माणसं गुदमरली असती. जर्मेन सोमेये या अभियंत्याने बोगद्याबाहेर डोंगरी ओढ्यांच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती पाइपाने आत नेली आणि तिच्यावर ड्रिल चालवली. ड्रिल चालवून सुटलेली हवा आतल्या कामगारांना श्वासालाही उपयोगी पडायची. हा बोगदा १८७१ मध्ये खुला झाला. त्याच्या काही आठवडे आधीच सोमेयेचा मृत्यू झाला होता.

वेस्टिंगहाउस यांनी यातून एवढंच उचललं : हवा शेकडो मीटर लांब नेली तरी वाफेसारखी तिचं पाणी होत नाही आणि पलीकडच्या टोकाला ती खडक फोडू शकते. मग ती गाडीची चाकं आवळू शकणार नाही का?

रचना साधी होती. इंजिनावर वाफेवर चालणारा पंप ठेवायचा. तो हवा दाबून इंजिनावरच्याच एका मोठ्या टाकीत भरेल. तिथून सगळ्या डब्यांखालून एक पाइप जाईल आणि दोन डब्यांमध्ये लवचीक नळी असेल. प्रत्येक डब्याखाली एक सिलिंडर आणि त्यात दट्ट्या असेल. चालकाने झडप उघडली की हवा सिलिंडरांत शिरेल, दट्ट्या सरकेल आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातील.

पैसे उभे करताना नकार बरेच मिळाले. वाऱ्याने गाडी थांबवणार म्हणून एका बड्या रेल्वेमालकाने त्यांना हसून वाटेला लावलं, अशी कथा सांगितली जाते. अखेर पिट्सबर्गमध्ये एका रेल्वेने चाचणीची तयारी दाखवली. पण ब्रेकमुळे गाडीचं नुकसान झालं तर भरपाई वेस्टिंगहाउस यांनी द्यायची, अशी अट घातली.

रुळावर आडवा आलेला टांगेवाला

चाचणीच्या दिवशी गाडीत रेल्वेचे अधिकारी बसले होते. इंजिनावर डॅनियल टेट नावाचा चालक होता. शहराबाहेर ठरावीक जागी ब्रेक लावून दाखवायचं ठरलं होतं. पण गाडी एका छोट्या बोगद्यातून बाहेर पडली तेव्हा समोर फाटकावर एक घोडागाडी आडवी आलेली दिसली. घोडे बिथरले आणि गाडीवान रुळावर फेकला गेला.

टेटने नवी झडप फिरवली. डब्यातले अधिकारी बाकांवरून कोसळले आणि गाडी त्या माणसापासून अवघ्या काही फुटांवर थांबली. ठरवलेल्या चाचणीची मग गरजच उरली नाही.

१३ एप्रिल १८६९ रोजी वेस्टिंगहाउस यांना या ब्रेकचं पेटंट मिळालं. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी पिट्सबर्गमध्ये एअर ब्रेक कंपनी काढली. आठवड्याचे सहाही दिवस पूर्ण वेळ काम करायच्या त्या काळात, १८७१ पासून त्यांच्या कारखान्यात शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली.

एकाच टाकीत असलेला धोका

प्रवासी गाड्यांवर हा ब्रेक झपाट्याने बसू लागला. पण वापर वाढला तसे दोन दोष उघड झाले.

पहिला दोष वेळेचा. सगळी हवा इंजिनावरच्या टाकीतून यायची. पुढच्या डब्याला ती लगेच मिळायची, मागच्याला उशिरा. पुढचे डबे थांबू लागलेले असताना मागचे त्यांच्यावर आदळायचे.

दुसरा दोष जास्त भयानक होता. दोन डब्यांमधली नळी फाटली किंवा गाडी मधूनच तुटली, तर हवा बाहेर निघून जायची. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच क्षणी तो गेलेला. चढावर गाडी तुटली तर मागचे डबे उलटे घरंगळत खाली जाणार आणि त्यांना रोखायला काहीच नसणार.

वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये याचं उत्तर दिलं. त्यांनी दोन गोष्टी बदलल्या.

एक म्हणजे, टाकी इंजिनावरून खाली आणली. मोठी टाकी इंजिनावर राहिलीच, पण प्रत्येक डब्याखाली त्या डब्याची स्वतःची छोटी टाकी बसवली. आता ब्रेक लावायला हवा लांबून यायची गरज नव्हती. ती हातभर अंतरावर आधीच भरून ठेवलेली होती.

दुसरी गोष्ट आणखी मोलाची होती. त्यांनी इशाराच उलटा केला. पूर्वी पाइपात दाब वाढला की ब्रेक लागायचा. आता दाब कमी झाला की ब्रेक लागणार होता.

हे काम करणाऱ्या झडपेला ट्रिपल व्हॉल्व्ह म्हणतात, कारण ती तीन कामं करते. ही झडप एका बाजूने पाइपातल्या दाबाला आणि दुसऱ्या बाजूने डब्याच्या टाकीतल्या दाबाला सतत तोलत असते.

पाइपातला दाब जास्त असेल, तर झडप एका बाजूला सरकते आणि हवा पाइपातून टाकीत भरत राहते. हे पहिलं काम.

चालकाने पाइपातली थोडी हवा बाहेर सोडली, की टाकीचा दाब वरचढ ठरतो. झडप उलट्या बाजूला सरकते आणि टाकीतली हवा ब्रेकच्या सिलिंडरात सोडते. ब्रेक लागतो. हे दुसरं काम.

चालकाने पाइपात पुन्हा हवा भरली, की झडप परत सरकते. सिलिंडरातली हवा बाहेर सुटते, ब्रेक सैल होतो आणि टाकी पुन्हा भरू लागते. हे तिसरं काम. गाडी सुटण्याआधी फलाटावर ऐकू येणारा फुस्स आवाज याच तिसऱ्या कामाचा.

आता नळी फाटली तर काय होईल? पाइपातला दाब कोसळेल आणि सगळ्या डब्यांचे ब्रेक आपोआप लागतील. गाडी तुटून तिचे दोन भाग झाले तर दोन्ही भाग थांबतील. डब्यातली धोक्याची साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही याच तत्त्वावर. साखळीने पाइपावरची एक छोटी झडप उघडते, हवा बाहेर पडते आणि दाब उतरतो. प्रवाशाच्या हाताचा जोर गाडी थांबवत नाही. जोर डब्याखालच्या टाकीत आधीच भरलेला असतो. प्रवासी फक्त त्याला मोकळं करतो.

पन्नास वाघिणींची परीक्षा

प्रवासी गाडीत मोजके डबे असतात. मालगाडी त्याहून कितीतरी लांब. १८८६ आणि १८८७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बर्लिंग्टन इथे ५० वाघिणींच्या गाड्यांवर वेगवेगळ्या ब्रेकच्या चाचण्या झाल्या. त्यात वेस्टिंगहाउस यांचा ब्रेक कमी पडला. प्रत्येक वाघिणीला टाकी होती, पण दाब उतरल्याचा निरोपच शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागत होते. तेवढ्यात मागच्या वाघिणी पुढच्यांवर इतक्या जोरात आदळत की आतली माणसं फेकली जात. ब्रेकला विजेने इशारा दिल्याशिवाय हे जमणार नाही, असं परीक्षकांचं मत पडलं.

वेस्टिंगहाउस यांनी काही महिन्यांत झडप सुधारली. आणीबाणीत प्रत्येक वाघिणीची झडप स्वतःच्या जागी पाइपातली थोडी हवा बाहेर काढू लागली. म्हणजे चालकाने दिलेला इशारा प्रत्येक वाघीण पुढच्या वाघिणीला नव्याने देत गेली. त्याच १८८७ मध्ये ५० वाघिणींची गाडी शहरोशहरी फिरवून त्यांनी ती धक्का न बसता थांबते हे लोकांना दाखवलं. परीक्षकांचं म्हणणंही वाया गेलं नाही. आज विरार–डहाणू मार्गावर धावणाऱ्या लोकलमध्ये हवेच्या ब्रेकला विजेचा इशारा जोडलेला असतो, त्यामुळे सगळ्या डब्यांचे ब्रेक जवळपास एकाच क्षणी लागतात.

उपाय होता, पण खर्च कोण करणार?

ब्रेक तयार असूनही मालगाड्यांवर तो बसायला वर्षानुवर्षं लागली. वाघिणी लाखोंच्या संख्येने होत्या आणि प्रत्येकीला टाकी, झडप आणि सिलिंडर बसवायला पैसे लागत. त्यामानाने ब्रेकमन स्वस्तात मिळत होते. कंपन्यांचा हिशेब असा सरळ होता.

हा हिशेब बदलायला कायदा लागला. आयोवातले लॉरेन्झो कॉफिन यांनी कामगारांचे अपघात पाहून अनेक वर्षं हा विषय लावून धरला. अखेर २ मार्च १८९३ रोजी अमेरिकेत रेल्वे सुरक्षेचा कायदा झाला. मालगाड्यांना हवेचे ब्रेक आणि डबे आपोआप जोडणारे कप्लर सक्तीचे झाले. १९०० पर्यंत त्याची अंमलबजावणी झाली आणि धावत्या गाडीच्या टपावरून उड्या मारायचं काम हळूहळू संपलं. या कायद्याने वेस्टिंगहाउस यांच्या कंपनीला मोठा धंदाही मिळाला. आपली पेटंटं राखण्यासाठी ते कोर्टात नेटाने भांडत. मात्र १८९८ मध्ये बॉयडन या स्पर्धक कंपनीविरुद्धचा खटला ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले.

तिकडे ब्रिटिश राजवटीत याहून कडू धडा मिळाला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आरमाघजवळ सहलीला निघालेली गाडी चढावर अडकली. तिच्यात शाळकरी मुलं मोठ्या संख्येने होती. गाडी दोन भागांत तोडून आधी पुढचा भाग वर न्यायचं ठरलं. त्या गाडीचा ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. मागचे डबे सुटे होताच त्यांचा ब्रेक गेला, ते उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मेले. हीच परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून वेस्टिंगहाउस यांनी १७ वर्षांपूर्वी आपली झडप तयार केली होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

भारतात हा ब्रेक इतक्या उशिरा का आला?

आपोआप लागणारा ब्रेक दोन प्रकारचा होता. एक वेस्टिंगहाउस यांचा हवेचा. दुसरा व्हॅक्यूमचा, म्हणजे पाइपातली हवा काढून घ्यायची आणि ती परत आत शिरली की ब्रेक लागायचा. ब्रिटनमधल्या बहुतेक कंपन्यांनी व्हॅक्यूम निवडला आणि भारतातल्या रेल्वेनेही तीच वाट धरली.

व्हॅक्यूम ब्रेक सुरक्षित होता, पण त्याच्या ताकदीला मर्यादा होती. त्याचा सगळा जोर वातावरणाच्या दाबावर अवलंबून असतो आणि तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो एवढाच असतो. प्रत्यक्षात वापरता येतो तो त्याहूनही कमी. हवेच्या ब्रेकला अशी अडचण नसते. भारतीय रेल्वेत ब्रेकच्या पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब ठेवतात. पूर्ण ब्रेक लागल्यावर मालवाहू वाघिणीच्या सिलिंडरात साधारण ३.८ किलो दाब तयार होतो.

३५ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर हा दाब पडला तर साडेतीन टनांहून जास्त जोर मिळतो. तेवढ्याच दट्ट्यावर व्हॅक्यूम ब्रेकचा जोर पाऊण टनाच्या आतच राहतो. म्हणून वाघिणी जड आणि गाड्या लांब होत गेल्या तशी भारतीय रेल्वे १९८० च्या दशकापासून हवेच्या ब्रेककडे वळली.

इथे एक गंमत आहे. वाघिणीखालची टाकी साधारण १०० लिटरची असते, म्हणजे घरातल्या पाण्याच्या पिंपापेक्षा फार मोठी नाही. तरीही ती पुरते, कारण ब्रेकला जोर खूप लागतो पण हालचाल थोडीच करायची असते. ठोकळा चाकाला टेकला की हवेचा खर्च थांबतो. सतत फिरणारं ड्रिल किंवा ग्राइंडर एवढ्याशा टाकीवर लगेच दमून जाईल. क्षणभर जोर लावून थांबणाऱ्या हत्याराला मात्र शेजारची छोटी टाकी उत्तम. खिळे ठोकणारी हवेची गन छोट्या टाकीवर बराच वेळ चालते, ग्राइंडर चालत नाही, त्याचंही कारण हेच.

गॅस आणि वीज

पाइपातला दाब हा विषय वेस्टिंगहाउस यांना आयुष्यभर पुरला. १८८४ मध्ये त्यांनी पिट्सबर्गमधल्या आपल्या घराच्या आवारातच विहीर खणून नैसर्गिक गॅस काढला. गॅस घरोघर न्यायचा तर गळती आणि स्फोटाची भीती होती. त्यांनी लांबच्या अंतरासाठी अरुंद पाइपात जास्त दाब ठेवला आणि वस्तीजवळ पाइप रुंद करत दाब उतरवला. घरात पोहोचणारा गॅस सौम्य दाबाचा असे.

विजेलाही त्यांनी हेच तत्त्व लावलं. लांब नेताना व्होल्टेज वाढवायचं आणि घराजवळ ट्रान्सफॉर्मरने उतरवायचं. हे एसी विजेनेच साधत होतं, तर थॉमस एडिसन डीसी विजेच्या बाजूने होते. वेस्टिंगहाउस यांनी १८८६ मध्ये इलेक्ट्रिक कंपनी काढली आणि १८८८ मध्ये निकोला टेस्ला यांच्या मोटारीचे हक्क घेतले. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन त्यांच्या विजेने उजळलं आणि १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या एडिसन यांचा वारसा सांगणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकने उभारल्या, पण १९६९ पासून तिथून बाहेर पडणारी वीज एसीच आहे. पालघर–बोईसरच्या रुळांवरच्या तारेतही २५,००० व्होल्टची एसी वीज वाहते. या मार्गावरची गाडी वरून आणि खालून, दोन्हीकडे वेस्टिंगहाउस यांच्या कामाला जोडलेली आहे.

शेवटची वर्षं

१९०७ मध्ये अमेरिकेत आर्थिक संकट आलं. कर्ज काढून कारखाने वाढवायची वेस्टिंगहाउस यांची सवय अंगलट आली. इलेक्ट्रिक कंपनी बँकांच्या ताब्यात गेली आणि १९११ पर्यंत ते तिच्यापासून पूर्णपणे दूर झाले. एअर ब्रेक कंपनी मात्र या वादळात टिकली.

उतारवयातही त्यांचं हवेशी असलेलं नातं सुटलं नाही. मोटारीला खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून ते दाबलेल्या हवेच्या स्प्रिंगवर काम करत होते. त्यांच्या नावावर ३६० हून जास्त पेटंटं जमा झाली. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. काही महिन्यांनी मार्गरेटही गेल्या. यादवी युद्धातले सैनिक म्हणून वेस्टिंगहाउस यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.

टाकी रिकामी झाली तर?

हवेचा ब्रेक आपोआप लागतो, म्हणून तो कधीच फसत नाही असा एक गैरसमज आहे. पाइप फुटला तर ब्रेक लागतो हे खरं. पण तो लावून धरते ती डब्याखालची टाकी, आणि ती काही कायम भरलेली राहत नाही. इंजिन बंद असेल तर हवा पुन्हा भरली जात नाही. सांध्यांतून ती हळूहळू गळते. काही तासांनी टाकी आणि सिलिंडर दोन्ही रिकामे होतात आणि ब्रेक सुटतो.

६ जुलै २०१३ रोजी कॅनडातल्या लॅक-मेगँटिक गावाने हे भोगलं. उतारावर उभ्या केलेल्या तेलाच्या गाडीचं इंजिन रात्री बंद झालं. हवा गळत गेली आणि हाताने लावलेले ब्रेक पुरेसे नव्हते. गाडी घरंगळत गावात शिरली आणि ४७ माणसं मेली.

हायवेवरच्या ट्रकमध्ये ही अडचण वेगळ्या पद्धतीने सोडवलेली असते. तिथे उभ्या ट्रकचा ब्रेक मजबूत स्प्रिंग लावते आणि हवा तो सोडवते. त्यामुळे हवा गेली तर चाकं जागीच जखडतात. रेल्वेच्या साध्या वाघिणीत मात्र हवाच ब्रेक लावते.

म्हणून आजही यार्डात वाघिणी उभ्या करून ठेवताना हॅन्डब्रेक आवळावे लागतात, चाकांना साखळ्या आणि लाकडी पाचरी लावाव्या लागतात. धावत्या गाडीच्या टपावरचं ब्रेकमनचं जीवघेणं काम वेस्टिंगहाउस यांच्या टाकीने संपवलं. उभ्या गाडीपाशी हॅन्डब्रेकचं चाक हाताने आवळणारा माणूस मात्र अजूनही लागतो.